सोळाची वायर

३ फेब्रुवारी

आली! भट्टी आली एकदाची. टेम्पोतून उतरवताना चौघांचा घाम निघाला आणि माझा जीव वरखाली. ज्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं बालवर्ग सांभाळला, तिथल्या चित्रकलेच्या खोलीत ती चादर पांघरून पडून होती. नव्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, तुम्ही नेलीत तर आमचीही खोली मोकळी होईल." नेली!

ह्यांनी खिडकीतून पाहिलं. "एवढं धूड! ठेवणार कुठे?"

"गॅरेजमध्ये."

"हं."

तो 'हं' मी चाळीस वर्षं ओळखते. त्यात नकार नसतो, होकारही नसतो. खिडकी तेवढी बंद होते.

गाडी जूनमध्ये विकली. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, तेव्हापासून गॅरेज रिकामं आहे. जमिनीवर तेलाचा एक डाग राहिलाय, थेट बदकासारखा. मी अजूनही त्याला वळसा घालून आत जाते, जणू गाडी उभीच आहे.

माझी कच्ची भांडी आधी गाडीतूनच जायची, गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका बाईंच्या भट्टीत भाजायला. मागच्या महिन्यात टॅक्सीने नेली. पाच सुरया निघाल्या, दोन पोचल्या. तेव्हाच ठरवलं — भट्टी आपली हवी.

५ फेब्रुवारी

वायरमन येऊन गेला. पन्नाशीचा माणूस, कानामागे पेन्सिल, तोंडात अखंड बोलणं. जिन्याखालचा घरचा मेन बोर्ड उघडून म्हणाला, "अरे वा, म्युझियम आहे!" घरातल्या बोर्डावरून भट्टी चालणार नाही म्हणे. गॅरेजला स्वतंत्र पेटी हवी, तिचे वेगळे ब्रेकर, आणि इथून तिथवर जमिनीखालून जाडजूड वायर.

भट्टीच्या पत्र्यावर लिहिलंय — सहा हजार वॅट. त्याने पेन्सिल काढेपर्यंत मी म्हटलं, "भागिले दोनशे तीस. सव्वीस अँपिअर."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, धंद्यात या माझ्या."

मग सांगितलं त्याने. फक्त भट्टी आणि एक दिवा असेल तर बत्तीस अँपिअरचा ब्रेकर आणि सहाची, म्हणजे सहा चौरस मिलिमीटर जाडीची वायर, काठावर पास. पण जरा मोकळं हवं असेल तर सोळाची वायर आणि त्रेसष्टचा ब्रेकर. आणि विचारलं, "पुढे काय काय लावणार इथे? आत्ताच सांगा. वायर एकदा मातीखाली गेली की गेली. परत अंगण खणायला मी येणार नाही."

मी तोंड उघडलं तेवढ्यात हे म्हणाले, "भट्टी आणि एक दिवा. आमच्या वयाला आता पुढचं काय?"

६ फेब्रुवारी

पुढे काय काय लावणार इथे?

सकाळपासून तोच प्रश्न कानात. कपडे वाळत घालताना, भाजी चिरताना. इतक्या वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. मागचं सगळे विचारतात — दुखतं का, झोप लागते का, शाळेची आठवण येते का.

म्हणून यादी केली. विजेवर फिरणारं चाक. थंडीत भांडी वाळवायला हीटर. किटली. रेडिओ. उन्हाळ्यासाठी पंखा, मोठा, हळू फिरणारा. आणि खिडकीपाशी ह्यांचं ड्रॉइंगचं टेबल. टेबलाला वीज लागत नाही. पण यादीत हवंच.

डोळे मिटले की दिसतं — दुपारचं ऊन बदकावर पडलंय. मी चाकावर. हे पाठमोरे, टेबलावर वाकलेले, पेन्सिलीचा कुरकुर आवाज. कोणी बोलत नाही. किटली उगाच वाजते.

८ फेब्रुवारी

हे लिहायचं नव्हतं, पण कुठेतरी लिहायला हवं.

डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन उत्तम झालं. "काका, आता दहा-पंधरा वर्षं माझं तोंड बघू नका." ह्यांनी ते ऐकलं, मान डोलावली आणि घरी येऊन आवराआवर सुरू केली. कोट देऊन टाकले. नकाशे काढायची पेटी, ती निळ्या मखमलीची, शेजाऱ्यांच्या पुतण्याला दिली. (मी परत मागून आणली, शिवणाच्या डब्यामागे लपवली आहे.) मासिकाची वर्गणी तीन महिन्यांची. टूथपेस्ट लहान. दुकानदाराने बल्ब देताना म्हटलं, दोन वर्षांची गॅरंटी, तर हे हसून म्हणाले, "कोणाची?"

दुकानदारही हसला. मी पैसे देऊन बाहेर आले.

रागावत नाहीत, चिडत नाहीत. गोड बोलतात. स्टेशनावर बसलेल्या माणसासारखे — सामान बांधून झालंय, तिकीट खिशात, आता उगाच पिशवी कशाला उघडायची?

मला भट्टी हवी आहे हे खरं. पण त्याहून जास्त हवं आहे ते हे, की ह्या माणसाला पुन्हा काहीतरी हवंसं वाटावं. काहीही! एक पंखा जरी म्हणाले ना, तरी चालेल.

९ फेब्रुवारी

आज मोजणी झाली!

वायरमनने फोनवर विचारलं, मेन बोर्डापासून गॅरेजपर्यंत लांबी किती? मी म्हटलं, असेल वीसेक मीटर. हे पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "असेल म्हणजे?"

आयुष्यभर मोजणी खात्यात काढलेला माणूस. 'असेल' हा शब्द त्यांना टोचतो. उठले, फडताळातून जुना टेप काढला — कातडी डबीतला, पितळी कडीचा. मला टोक धरायला लावलं.

"धर. ताण. अगं, ताण! मांजराची शेपटी धरल्यासारखी काय धरतेस?"

"टेपच थरथरतोय."

"तू घट्ट धर, म्हणजे तो गप्प बसेल."

जिन्याखालून भिंतीबाहेर, फरशीच्या कडेने, पाण्याच्या टाकीला वळसा, मग अंगण. बावीस मीटर चाळीस. दोन्हीकडचे चढ-उतार धरून सव्वीस. ह्यांनी मनगटावर पेनने आकडा लिहिला, पूर्वी उन्हात लिहायचे तसा. गालावर जरा रंग आला होता. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी एकदा ह्यांच्याबरोबर मोजणीला गेले होते. एका माळावर असंच टोक धरून उभी होते आणि हे दूर जात जात एवढेसे झाले होते. टेपला हिसका बसला की कळायचं, आहेत तिथे.

आज तेच वाटलं. टोक माझ्या हातात आणि दुसरीकडे कोणीतरी ओढतंय.

१० फेब्रुवारी

हे दुकानात जाऊन आले. सहाची वायर. तीस मीटरचं वेटोळं. "भट्टी पेटेल तुझी. झालं?"

झालं.

१२ फेब्रुवारी

आज एक उद्योग केला. कोणाला सांगितलेला नाही.

वायर सहाची आली तर आली. पण ब्रेकर अजून आणायचा होता. मी एकटी गेले आणि त्रेसष्टचा मागितला. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, कशाला? मी म्हटलं, "गॅरेजला." त्याने दिला. केवढासा तो! पत्त्यांच्या जोडाएवढा. पर्समध्ये रुमालाखाली ठेवला. बसथांब्यावर दोनदा हात घालून पाहिला. शाळेत, मिशनच्या बोर्डिंगमध्ये असताना लेमनच्या गोळ्या अशाच लपवून आणायचो, सिस्टर फाटकावर उभ्या असायच्या आणि आमचे चेहरेच सगळं सांगून टाकायचे.

वाटलं, त्रेसष्टचा बसला म्हणजे चाक आलं, हीटर आला, टेबल आलं. पुढचं दार उघडं राहिलं.

१४ फेब्रुवारी

लाज वाटते.

वायरमनने ब्रेकर हातात घेतला, सहाच्या वेटोळ्याकडे पाहिलं, परत ब्रेकरकडे पाहिलं. "हा कोणी आणला?"

"मी."

"ताई, घर जाळायचंय का?"

मग नीट समजावून सांगितलं त्याने, चिडून पण नीट. ब्रेकर भट्टीची राखण करायला नसतो, वायरीची राखण करायला असतो. सहाच्या वायरीला जेवढं सोसतं त्याच्या पुढे गेलं की पडायला हवा. त्रेसष्टचा बसवला तर वायर भिंतीत, मातीत, आतल्या आत तापत राहील, वितळेल, आणि हा शहाणा डोळे मिटून गप्प बसेल. "मोठा ब्रेकर घेतला म्हणजे वायर जाड होत नाही, ताई. आधी वायर, मग ब्रेकर. लोकांना नेमकं उलटं वाटतं."

आणि मला विज्ञानाचं बक्षीस मिळालेलं आहे! आठवीत. आमच्या विज्ञानाच्या सिस्टर चॉकलेटची चांदी कापून तिची बारीक पट्टी बॅटरीला जोडायच्या. वर्गात पडदे ओढलेले, फरशीला पॉलिशचा वास, चाळीस मुली श्वास रोखून. चट्! पट्टी जळायची, दिवा विझायचा. सिस्टर म्हणायच्या, "जे जळायला ठेवलंय तेच जळलं. बाकी सगळं वाचलं. मुलींनो, याला म्हणतात योजना." मी ते वहीत तांबड्या शाईने लिहिलं होतं. आणि पन्नास वर्षांनी नेमकं उलटं करून बसले. हवंसं वाटायला लागलं की शिकलेलं सगळं पाण्यात.

त्याच दिवशी, संध्याकाळ

वायरमन गेल्यावर हे म्हणाले, "चोरून आणायचं काय कारण?"

"सांगून आणू दिला असतात?"

"पण कशासाठी गं एवढं? भट्टी चालते सहावर. आणखी काय हवं?"

"पुढे—"

"पुढे, पुढे! कोण असणार आहे पुढे?"

आणि मी म्हटलं, "मी! मी असणार आहे. तुमच्यानंतरही मी असणार आहे!"

तोंडातून गेलं. ह्यांनी पेपरची घडी केली, मग त्या घडीची घडी. मग बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी घातलेलं होतं.

१५ फेब्रुवारी

दोघंही गोड बोलतोय. भयंकर आहे हे.

१६ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "आई, तू बाबांना असं म्हणालीस?"

"म्हणाले."

"मग जाऊन सॉरी म्हण ना."

"ते विचारतील, कशाबद्दल? मग परत म्हणावं लागेल."

"अगं आई! तुम्ही दोघं म्हणजे ना..." फोन ठेवताना म्हणाली, "आणि तो ब्रेकर परत कर आधी, प्लीज."

माफी मागायला ह्यांच्या खोलीत गेले. दार लोटलेलं. आत टेबलाचा दिवा लागलेला, दिवसाढवळ्या. "झोपलात?" "नाही. जरा काम करतोय." काम! आठ महिन्यांत हा शब्द ऐकला नव्हता. मी दारातूनच मागे फिरले, पाऊल न वाजवता. झोपलेल्या मुलाच्या खोलीतून निघावं तशी.

१८ फेब्रुवारी

सोळाची वायर आली!!

हे दुपारी जेवून न सांगता बाहेर पडले. चार वाजता टॅक्सी दारात. मागच्या सीटवर काळं वेटोळं बसलेलं, अजगरासारखं, आणि पुढे हे, मांडीवर खोकं. सहाची परत केली. मोठी पेटी आणली, बारा ब्रेकरची.

"बारा?" मी म्हटलं.

"लागतील."

लागतील! मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि त्या आवाजात पोटभर रडले. मग तोंड धुऊन चहा केला. दोघांनी पायरीवर बसून घेतला, वेटोळं मध्ये. मी म्हटलं, "परवाचं मी जे बोलले—"

"बरोबर बोललीस," हे म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं तिकडे."

आवाजात काही कडू नव्हतं. किती दिवसांनी माझ्याकडे नीट बघत होते!

२१ फेब्रुवारी

अंगणात चर खणलाय. पाइपातून वायर ओढताना वायरमन एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, हे मध्ये उभे राहून हुकूम देणार. "सैल सोड! आता ओढ! थांब!" वायरमन म्हणाला, "साहेब, मोजणी खात्यात होतात की फौजेत?"

पेटीत न्यूट्रलची काळी वायर एका पट्टीवर, अर्थिंगची हिरवी दुसऱ्या पट्टीवर. वायरमन सांगत होता, घरच्या मेन बोर्डात त्या दोघींची गाठ पडते तेवढी पुरे, इथे गॅरेजात पाडायची नाही. हिरवीने अडचणीच्या वेळीच धावून यायचं, एरवी रिकामं राहायचं. मला ती हिरवी फार आवडली.

आता त्रेसष्टचा ब्रेकर त्याच्या योग्य जागी बसलाय. माझाच, परत न केलेला. वायरमनने बसवताना माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "आता शोभतो."

२३ फेब्रुवारी

हे रोज गॅरेजमध्ये. खडूने भिंतीवर खुणा करतात. पश्चिमेच्या भिंतीवर जमिनीपासून दोन फुटांवर प्लग हवा. मागच्या कोपऱ्यात एक सात फुटांवर. मी विचारलं, "सात फुटांवर मी काय लावू? जिराफ?"

"असू दे. लागेल."

ओट्याएवढ्या उंचीवर आणखी एक. पाण्याची एक नळीही आत आणवली. मातीला पाणी लागतंच, खरं आहे. माझ्या आधी ह्यांना सुचलं.

खुणा पुसू नकोस म्हणाले. आज मी शिवणाच्या डब्यामागून निळ्या मखमलीची पेटी काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. ह्यांनी झाकणावरून हात फिरवला.

वाटतंय की स्टेशनावरचा माणूस उठला. पिशवी उघडली त्याने.

२६ फेब्रुवारी

पहिली भाजणी. सकाळी सातला सुरू केली.

आधी काहीच होत नाही. मग एक गुणगुण, भिंतीच्या आतून आल्यासारखी, बोर्डिंगच्या चॅपेलमध्ये ऑर्गन सुरू व्हायच्या आधी असायची तशी. झाकणाच्या भोकातून पाहिलं तर आत अंधार. दुपारी तांबडा उजेड. मग नारिंगी. माझ्या सुरया आत नुसत्या बसलेल्या, कडा विरघळलेल्या, जणू त्या भांडी नाहीतच, कोणीतरी आठवलेली भांडी आहेत.

हे खुर्ची टाकून दिवसभर बसले. दर तासाला वायरीवर हात ठेवून बघायचे. "गार आहे," म्हणायचे, कौतुकाने. मी पंखा लावला, किटली लावली, रेडिओ लावला, मुद्दाम सगळं एकदम! काही पडलं नाही. वायर गारच. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो, चोरी पचल्यासारखे.

मध्येच हे म्हणाले, "हिवाळ्यात इथे ऊब चांगली राहील. नाही?"

"राहील की."

"तुला आवडेल इथे?"

"हा काय प्रश्न झाला!"

मान डोलावली. समाधानाने. आठ महिन्यांत मी इतकी सुखी नव्हते. लिहून ठेवते, नजर लागली तर लागली.

१ मार्च

वायरमन उरलेलं सामान न्यायला आला. जाताना म्हणाला, "ताई, कोणता ब्रेकर कशाचा ते लिहून पेटीच्या दारावर चिकटवा. तुमचं अक्षर छान आहे. साहेबांचा कागद पेटीतच ठेवलाय, त्यावरून उतरवा."

कागद उघडला. ट्रेसिंग पेपर, चार घड्या. तारीख सतरा फेब्रुवारी. गॅरेजचा नकाशा, ह्यांच्या सुंदर बारीक अक्षरात. पश्चिमेच्या भिंतीला पलंग, तीन बाय सहा. मागच्या कोपऱ्यात न्हाणी, गीझर सात फुटांवर, दोन हजार वॅट. ओटा, एक विजेची शेगडी, दीड हजार. भट्टी, सहा हजार. खुर्ची एक. उशाशी दिवा एक, नऊ वॅट. खाली बेरीज, दुहेरी रेघ. आणि वर मथळा — 'ती एकटी असेल तेव्हा. घर भाड्याने देता येईल.'

किती वेळ उभी होते कोण जाणे.

मग पेन्सिल आणली. उशाशी दिवे — दोन केले. खालची बेरीज नऊने वाढवली. चुकलेली बेरीज त्यांना खपत नाही. मथळ्याला हात लावला नाही. तो त्यांनीच खोडायचा. कागद त्यांच्या चष्म्याखाली ठेवलाय. ते अंघोळीला गेलेत.

आतलं पाणी थांबलं. येतील आता.